शुगर बॉर्डरवर आली? हीच जागे होण्याची वेळ

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे बीपी-शुगर तपासायला बसलो होतो. रांगेत एक मावशी होती. चार घरची धुणीभांडी करते. वजन ४४ किलो. हात पुढे करायलाच तयार नव्हती.

"सिस्टर, माही कायले तपासता? शुगर त जाड्या लोकायले होते. मी त काडीवानी आहो."

तपासली. जेवून दोन तास झाले होते आणि मीटरवर आकडा आला १६८. शेजारी बसलेल्या कोणीतरी सांगून टाकले, "बॉर्डरवर आहे." मावशीचा चेहरा खुलला. "म्हणजे नाही ना झाली? मंग काय हाय!" आणि ती हसत हसत चपला घालायला निघाली. मी तिला हात धरून परत बसवले.

हा लेख त्या 'बॉर्डर' या एका शब्दासाठी आहे. आपल्या वस्तीत हा शब्द ऐकला की लोक सुटकेचा श्वास सोडतात. खरे तर तोच क्षण कामाला लागायचा असतो. एकदा मधुमेह पक्का झाला की बहुतेकांना तो आयुष्यभर सांभाळावा लागतो. बॉर्डरवरून मात्र अनेकांना परत फिरता येते.

हे मी मोठेपणाने सांगत नाही. मी स्वतः त्या बॉर्डरवर बसलेली बाई आहे. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी, २९ व्या वर्षी, माझी शुगर वाढली होती. बाळ झाले, शुगर उतरली. सहा आठवड्यांनी आणि नंतर दरवर्षी तपासणी करा, असे मला सांगितले होते. मी जीएनएम केलेली नर्स. वॉर्डात शुगरच्या जखमांचे ड्रेसिंग रोज करत होते. तरी स्वतःची तपासणी १२ वर्षे केली नाही. ४१ व्या वर्षी केली तेव्हा उपाशीपोटीचा आकडा ११७ आला. घरी सांगायची लाज वाटली. दुसऱ्यांना शिकवणारीच झोपली होती, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? म्हणून आज तुम्हा सगळ्यांना सांगते आहे.

बॉर्डर म्हणजे नेमके काय?

आपण भात, पोळी, भाकर खातो, त्याची पोटात साखर होते आणि ती रक्तात उतरते. ही साखर स्नायूंच्या आत जायला हवी, तर अंगात ताकद येते. आत जायला दार असते आणि दाराची किल्ली म्हणजे इन्सुलिन. ती किल्ली स्वादुपिंड नावाची ग्रंथी तयार करते.

पोटात आणि लिव्हरमध्ये चरबी साठली, स्नायूंना काम कमी पडले, की दाराच्या कुलपाला गंज चढतो. एका किल्लीने उघडणारे दार दोन-तीन किल्ल्यांनी उघडते. स्वादुपिंड बिचारे जास्त किल्ल्या बनवत राहते. अशी काही वर्षे निघून जातात. या काळात माणसाला काहीच होत नाही. चक्कर नाही, जास्त तहान नाही, रात्री वारंवार लघवीला उठणे नाही. रक्तातली साखर मात्र हळूहळू वर सरकते. मधुमेहाच्या रेषेच्या खाली, पण निरोगी माणसापेक्षा वर. हीच पूर्व-मधुमेहाची अवस्था. स्वादुपिंड दमले, की मधुमेह झाला.

बाहेरून दिसणारी एक खूण काही जणांत असते. मानेच्या मागे, काखेत कातडी जाड, काळपट, मखमलीसारखी होते. आपल्या आया लेकरांची मान दगडाने घासतात, मळ समजून. तो मळ नसतो. अशी मान दिसली तर घासू नका, शुगर तपासा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे पहिले आकडे २०११ साली आले. महाराष्ट्रात शंभरातल्या सुमारे ८ प्रौढांना मधुमेह होता आणि जवळजवळ १३ जण बॉर्डरवर होते. शहरात बॉर्डरवरचे प्रमाण १५ टक्के, तर खेड्यातही ११ टक्के होते. २०२३ साली साऱ्या देशाचे आकडे जाहीर झाले. मधुमेही १० कोटी १० लाख आणि बॉर्डरवरचे १३ कोटी ६० लाख. शुगर हा बंगल्यातल्या लोकांचा रोग आहे, ही समजूत आता सोडायला हवी.

काडीसारख्या माणसाला शुगर का होते?

मावशीचा प्रश्न अगदी खरा होता. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेले. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, हातापायांत स्नायू कमी. पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीचे, असे हे शरीर.

याच डॉक्टरांनी २००४ साली आपला आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो छापला होता. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के. वजनकाटा आपल्याला फसवतो, तो असा.

आता आपल्या घरांचा विचार करा. आपली आजी सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खायची. पोटुशी असतानाही तिच्या ताटात वरण नसायचे. बाळ पोटात असताना अन्न कमी पडले, की त्याचे शरीर काटकसर शिकते. स्नायू कमी बांधते आणि चरबी राखून ठेवते. पुढे त्याच शरीराला तीन वेळा भात, गोड चहा, बिस्किटे आणि बसून राहण्याचे काम मिळाले, की ते लवकर बॉर्डरवर येते. म्हणजे शुगर झाली यात त्या माणसाचा एकट्याचा दोष नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार आपल्या अंगात उतरली आहे. पण ती ओळखून पुढची वाट बदलणे आपल्या हातात आहे. त्याची सुरुवात घरातल्या पोटुशी सुनेच्या ताटापासून होते. तिला आधी वाढा, पोटभर वाढा, वरण-भाजी-अंडे वाढा.

बाकीची कारणे आपल्या रोजच्या जगण्यात आहेत

*ताट.* रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतो. डाळ आणि भाजी विकत घ्यावी लागते. म्हणून ताटात भाताचा डोंगर आणि वरणाचे पाणी. देशभराच्या पाहणीत आपल्या जेवणातली सुमारे ६२ टक्के ताकद एकट्या पिष्टमय पदार्थांतून येते असे दिसले. ज्वारीची भाकर आपल्या ताटातून कधी गेली ते कळलेही नाही.

*चहा.* एका कपात दोन चमचे साखर, दिवसाला चार कप. झाले आठ चमचे, म्हणजे ४० ग्रॅम. महिन्याला एका माणसाची १ किलो २०० ग्रॅम साखर नुसत्या चहात जाते. गूळ घातला तरी हिशेब तोच. थंड पेयाच्या पाव लिटरच्या बाटलीत पाच चमचे साखर असते, ती वेगळी.

*बसणे आणि झोप.* आपले वडील खाणीत घण-फावडे चालवायचे. मुलगा आता मशीनवर बसतो किंवा ऑटो चालवतो. ताट मात्र वडिलांचेच राहिले. रात्रपाळी आणि अपुरी झोप यांनीही इन्सुलिनचे काम बिघडते.

*खर्रा, बिडी, दारू.* तंबाखूने फक्त तोंडाचा कॅन्सर होतो असे समजू नका. तंबाखू मधुमेहाचा धोकाही वाढवते. ज्याला शुगर आणि तंबाखू दोन्ही आहेत, त्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या आणि हृदय लवकर खराब होते.

*घराणे आणि बाळंतपण.* आई-वडिलांना शुगर असेल, बाईला बाळंतपणात शुगर झाली असेल, पाळी अनियमित असून अंडाशयात गाठींचा त्रास असेल, तर धोका जास्त.

घरीच मोजा : तुमचा धोका किती?

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने भारतीय लोकांसाठी एक सोपी मोजणी तयार केली आहे. शिवणाचा टेप घ्या, बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा आणि गुण जोडा.

वय : ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ असेल तर २०, ५० किंवा जास्त ३०.

कंबर : बाई ८० सेंटीमीटरच्या आत ०, ८० ते ८९ असेल तर १०, ९० किंवा जास्त २०. पुरुष ९० च्या आत ०, ९० ते ९९ असेल तर १०, १०० किंवा जास्त २०.

हालचाल : अंगमेहनतीचे काम आणि व्यायाम दोन्ही असेल तर ०, दोन्हींपैकी एक असेल तर २०, काहीच नसेल तर ३०.

आई-वडील : कोणालाच शुगर नाही ०, एकाला आहे १०, दोघांना आहे २०.

बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा. लगेच तपासणी करा. ३० ते ५० मध्यम, ३० च्या खाली कमी. गुण कमी आले म्हणजे शुगर नाहीच असे नव्हे. आपली मावशी बघा. वय ४६ चे २०, काम अंगमेहनतीचे म्हणून २०, आई शुगरने गेली त्याचे १०. कंबर बारीक, त्याचे शून्य. बेरीज ५०, म्हणजे मध्यम. तरी मीटर १६८ बोलले.

तपासणी कोणती? सिकलसेल असेल तर हे नक्की वाचा

उपाशीपोटी, म्हणजे किमान ८ तास काही न खाता : १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ बॉर्डर, १२६ किंवा जास्त मधुमेह. काही डॉक्टर बॉर्डर ११० पासून धरतात.

७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी : १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ बॉर्डर, २०० किंवा जास्त मधुमेह.

एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी : ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ बॉर्डर, ६.५ किंवा जास्त मधुमेह.

बोटाला टोचून केलेली तपासणी ही फक्त चाळणी आहे. पक्के निदान शिरेतले रक्त घेऊनच होते.

आता आपल्या समाजासाठी महत्त्वाची गोष्ट. विदर्भात आपल्या लोकांत आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. एचबीएवनसी ही तपासणी लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनवर किती साखर चिकटली ते मोजते. सिकलसेलच्या रुग्णाच्या, म्हणजे एसएस असलेल्याच्या, लाल पेशी लवकर मरतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही. मग रिपोर्ट खोटा-खोटा चांगला येतो. वाहकांमध्येही, म्हणजे एएस असलेल्यांत, आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसू शकतो. उलट, लोह कमी असलेल्या बाईचा आकडा उगाच वर जाऊ शकतो.

एका पोराचे असेच झाले. एएस वाहक, कंपनीच्या तपासणीत एचबीएवनसी ५.५, "सगळे नॉर्मल". वडिलांना शुगर आहे म्हणून मी ग्लुकोज पिऊन तपासायला लावली, तर दोन तासांचा आकडा १७२ निघाला.

म्हणून डॉक्टरकडे जाताना सिकलसेलचे कार्ड सोबत न्या. "डॉक्टरसाहेब, मी एएस आहे. माझी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन, अशी तपासणी करा," असे स्पष्ट सांगा. विचारण्यात लाज नाही. तो आपला हक्क आहे.

तपासणीला पैसे लागतीलच असे नाही. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताईने भरायचा असतो आणि सरकारी आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची तपासणी फुकट होते. गरोदर बाईची शुगर पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान तपासायची असते. आशाताई आली तर "आम्हाले काही नाही" म्हणून दारातून परत पाठवू नका.

परत फिरायचे कसे?

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी बॉर्डरवरच्या ५३१ लोकांवर तीन वर्षे अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला, त्यांतल्या शंभरातल्या ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी खाणे सुधारले आणि चालणे वाढवले, त्यांत ३९ जणांना झाला. म्हणजे दर शंभरात १६ माणसे वाचली. कशाने? चालण्याने आणि ताट बदलल्याने. अमेरिकेत अशाच एका मोठ्या अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटे चालणे आणि सात टक्के वजन कमी करणे, एवढ्याने धोका निम्म्याहून जास्त घटला.

आपल्या खिशाला झेपेल असे करायचे ते हे :

१. ताटाचे चार भाग करा. दोन भाग भाजी, एक भाग वरण, उसळ, अंडे किंवा मासोळी, आणि एक भाग भात किंवा पोळी. आलू आणि साबुदाणा यांना भाजीत धरू नका, ते भाताचेच भाऊ. भात निम्मा केला तर पोट भरायला वरण घट्ट करा. चणे, मूग, मटकी, सोयाबीन वडी, सुकट हे महाग पडत नाही. अंबाडी, तांदूळजा, चवळी, मुनग्याचा पाला भरपूर खा.

२. आधी भाजी आणि वरण खा, भात शेवटी. साखर एकदम चढत नाही.

३. चहातला एक चमचा या आठवड्यात कमी करा, दुसरा पुढच्या महिन्यात. थंड पेय घरात आणूच नका. संत्र्याचा रस काढू नका, संत्रे सोलून खा.

४. जेवल्यावर १० ते १५ मिनिटे चाला. शिवाय रोज अर्धा तास भरभर, आठवड्यातले पाच दिवस. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री. एकट्या बाईला अंधारात भीती वाटते, म्हणून आम्ही दहा-बारा जणी मिळून निघतो. हायवेवर नको, तिथे ट्रकची धूळ. आतल्या रस्त्याने विहारापर्यंत आणि परत.

५. जे जाड आहेत त्यांनी वजन पाच ते सात टक्के उतरवावे. ७० किलोच्या माणसाने साडेतीन ते पाच किलो. जे मावशीसारखे बारीक आहेत त्यांनी वजन उतरवू नये, स्नायू वाढवावेत. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, दिवसातून तीनदा. वरण-अंडे वाढवावे.

६. खर्रा सोडा. एकट्याने जमत नसेल तर सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडण्याची मदत मागा.

७. रात्रपाळीवाल्यांनी मध्यरात्री पोटभर भात खाऊ नये, हलके खावे. घरच्यांनी त्यांना दिवसा शांत झोपू द्यावे.

८. काही जणांना डॉक्टर गोळीही सुरू करतात. ती त्यांच्याच सल्ल्याने घ्या. शेजारणीची गोळी खाऊ नका. जांभळाची भुकटी, कारल्याचा रस यांच्या भरवशावर तपासणी टाळू नका. तपासणी दरवर्षी करा.

थोडे आपल्या वारशाबद्दल

बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या नसांच्या वेदनांनी त्यांच्या रात्री जागून जात. इन्सुलिन घ्यावे लागे, पथ्य पाळावे लागे. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, त्या हे सगळे सांभाळत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भूमीवर त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ५३ दिवसांनी ते गेले. वय अवघे ६५. दुखणाऱ्या पायांनी ते आपल्यासाठी उभे राहिले. आपण आपले पाय तरी शाबूत ठेवूया.

आणि तथागतांनी तर आहाराचे प्रमाण स्वतः शिकवले. कोसलचा राजा प्रसेनजित खूप जेवायचा. एकदा तो असाच जेवून धापा टाकत बुद्धांकडे आला. जो जेवणाचे प्रमाण जाणतो त्याचे दुःख कमी होते, अशा अर्थाची गाथा तथागतांनी सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. राजाचे जेवण हळूहळू कमी झाले, शरीर हलके झाले. बघा, राजालासुद्धा एकट्याने जमले नाही, आठवण देणारा माणूस लागला. आपल्या घरात तो सुदर्शन कोण होणार? दहावीतली मुलगी होऊ शकते. पण राजाला बोलायचे म्हणजे टोमणा मारायचा नाही, प्रेमाने सांगायचे.

बुद्धपौर्णिमेला खीरदान होते. होऊ द्या. एक वाटी खा, बादलीभर घरी नेऊ नका. आणि खिरीच्या शेजारी शुगर तपासणीचा एक टेबल लावा, मंडळाच्या पोरांनो. विहार समित्यांनी महिन्यातून एकदा आरोग्य केंद्राच्या सिस्टरला बोलवावे. नगरपरिषदेकडे नाली-रस्ता मागतो तसे चालायला उजेड असलेली जागाही मागावी.

मावशीचे काय झाले? दुसऱ्या आठवड्यात मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १५९. बॉर्डरच. आता ती भात अर्धा खाते, चहात एकच चमचा घालते. कामाच्या एका घरी मालकीण उरलेली मिठाई देते, ती घेत नाही म्हणून बोलणेही ऐकते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणार आहोत, तिची आणि माझी, एकाच दिवशी. माझा मागचा आकडा १०४ होता. अजून चार-पाच पावले बाकी आहेत.

हा अंक हातात असतानाच घरातला टेप शोधा. आधी स्वतःची कंबर मोजा, मग सासूची, मग नवऱ्याची. गुण जोडा. येत्या पौर्णिमेला विहारात या, मी मीटर घेऊन बसलेली असेन.

जयभीम. नमो बुद्धाय.